चॅसी एकाची, बॉडी दुसऱ्याची

काकांनी गाडी आधी पाहिली नाही, ऐकली. कोर्टाच्या दगडी इमारतीला वळसा घालून रांग येत होती आणि ते फुटपाथच्या कडेला डोळे मिटून उभे होते. "आठ सिलिंडर, एका ओळीत," ते म्हणाले. पुढची गाडी जवळ आली तशी त्यांची मान किंचित तिरकी झाली. "ही मात्र मिसिंग मारतेय. एक प्लग धरत नाही."

शेजारी उभी असलेली पुतणी गाडीच्या रंगाकडे बघत होती. "काका, हा रंग मूळचा नाही. इतका चकचकीत थर त्या काळी बसतच नव्हता."

"रंगाचं काय घेऊन बसलीस? प्लग बदलायला सांग त्याला."

दोघांचा वाद सकाळपासून चालू होता आणि संध्याकाळपर्यंत चालणार होता. काकांची बत्तीस वर्षं साताऱ्याच्या एसटी आगारात मेकॅनिक म्हणून गेली. पुतणी अमेरिकेतल्या फोर्ट वेन शहरात ब्रेकच्या भागांचं डिझाइन करते. तिथून उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर ऑबर्न हे गाव आहे. इंडियाना राज्यातलं, जेमतेम तेरा हजार वस्तीचं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते. त्याआधीच्या शनिवार-रविवारी या गावात जुन्या मोटारी परत येतात. १९५६ पासून हा शिरस्ता आहे. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूझनबर्ग या तीन नावांच्या गाड्यांचे मालक दुरून दुरून येतात, शनिवारी गावातून मिरवणूक काढतात आणि कोर्टाच्या चौकात गाड्या उभ्या करून बॉनेट उघडतात. ज्याला बघायचं त्याने यावं, वाकावं, विचारावं.

या मेळ्याच्या मागे आहे गावातलं संग्रहालय. ते ज्या इमारतीत आहे ती १९३० मध्ये ऑबर्न ऑटोमोबाईल कंपनीने आपल्या मुख्य कचेरीसाठी बांधली. खाली विक्रीचं दालन, मागे गाड्यांचे नमुने घडवायची जागा. सकाळी दोघं आधी तिथेच गेले होते आणि ठिणगी तिथेच पडली होती.

दालनातली फरशी नक्षीची, गुळगुळीत. तिच्यावर ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांचं प्रतिबिंब पडत होतं. काका एका गाडीजवळ गुडघ्यावर बसले, खाली डोकावले आणि उठून म्हणाले, "एक थेंब तेल नाही खाली."

"चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? चालत्या गाडीखाली ओल असतेच. ही निजलीय." मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आगारात एखादी बस कोर्टाच्या केसमुळे वर्षभर कोपऱ्यात पडली, की तिला पुन्हा रस्त्यावर आणणं नव्या बसपेक्षा जड जायचं. ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतो. रबरी सील कडक होऊन तडकतात. वजन एकाच जागी राहून टायर खालून चपटे होतात. पेट्रोलच्या गाडीत कार्बोरेटरच्या जेटमध्ये पेट्रोल वाळून चिकटा धरतो. "भजनी मंडळाची पेटी कपाटात ठेवली तर काय होतं? भात्याला चिरा पडतात, सूर बसतात. पेटी वाजवूनच टिकते."

पुतणीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिचं म्हणणं निराळं होतं. "काका, गाडी चालली की झिजते. या काळातल्या इंजिनांत बेअरिंगसाठी पांढरा धातू ओतलेला असायचा. तो झिजला की पुन्हा ओतायचा. मग पिस्टन नवे, मग व्हॉल्व्ह नवे, मग पत्रा कुजला म्हणून पत्रा नवा, त्यावर रंग नवा. पन्नास वर्षांनी आपण जे बघतो ते कुणाचं काम असतं? १९३० च्या कामगाराचं की परवाच्या गॅरेजचं? मोडीतला जुना कागद पिवळा पडला म्हणून त्याच्यावर आपण नव्या शाईने गिरवतो का?"

"कागद वाचायचा असतो. गाडी चालवायची."

"ही वाचायचीसुद्धा असते. इथे कानशीचा ओरखडा दिसतो, तिथे रंगाखालचा रंग दिसतो. ते सगळं लिहिलेलंच आहे."

जुन्या मोटारींच्या जगात हा वाद जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध स्पर्धेत पूर्वी सगळा मान नव्यासारख्या झळाळणाऱ्या गाड्यांना असे. आता तिथे हात न लावलेल्या, फाटक्या कातड्याच्या, उडालेल्या रंगाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. पुतणीच्या बाजूने वारा वाहतो आहे, असं म्हणायला हरकत नाही. पण काकांकडे एक मुद्दा होता. तो कुठल्या पुस्तकातून आला नव्हता, आगारातून आला होता, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

ते एका ड्यूझनबर्गपुढे उभे होते. मॉडेल जे. १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली. जवळजवळ सात लिटरचं इंजिन, एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट आणि २६५ अश्वशक्ती. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांच्या दुप्पट ताकद. कंपनी या गाडीची फक्त चॅसी विकायची, ८,५०० डॉलरला. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारखान्यातून बांधून घ्यायची. कुणी कॅलिफोर्नियातल्या मर्फीकडून, कुणी न्यूयॉर्कच्या लबॅरनकडून, तर कुणी थेट लंडनहून.

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्यासारखंच! चॅसी एकाची, बॉडी दुसऱ्याची."

एसटीच्या बसचं वर्षानुवर्षं असंच चालत आलं. टाटा किंवा लेलँडकडून नुसती चॅसी यायची. पुढे काच नाही, बाजूला पत्रा नाही, ड्रायव्हर डोक्याला फडकं बांधून उघड्यावर बसून ती दापोडीला न्यायचा. दापोडी, औरंगाबादजवळचं चिकलठाणा आणि नागपूरचं हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत तिच्यावर सांगाडा उभा राही, पत्रा चढे, रिबिटांच्या रांगा लागत, आणि शेवटी लाल रंग. "आणि बॉडी खिळखिळी झाली पण चॅसी धडधाकट असली तर?" काका विचारत होते आणि उत्तरही तेच देत होते. "जुनी उतरवायची, नवी चढवायची. बस तीच. नंबर तोच. आता सांग, ती गाडी मूळची की नाही?"

पुतणी गप्प झाली. कारण या ड्यूझनबर्गचीही कथा तीच होती. मॉडेल जेच्या जेमतेम पावणेपाचशे-पाचशे गाड्या बनल्या, आणि त्यांतल्या कितीतरींच्या बॉड्या पुढे बदलल्या. एकाला छत असलेली गाडी नको झाली, त्याने उघडी बॉडी बसवली. दुसऱ्याने तिसऱ्याची बॉडी आपल्या चॅसीवर चढवली. आज अशा गाडीचा माग काढणारे अभ्यासक इंजिनाचा क्रमांक, चॅसीचा क्रमांक आणि बॉडीचा क्रमांक असे तीन धागे वेगवेगळे सोडवत बसतात.

"तरीसुद्धा," ती थोड्या वेळाने म्हणाली, "कुणी काय बदललं ते लिहून ठेवलेलं असलं पाहिजे."

"ते तर पाहिजेच. आमच्याकडे प्रत्येक बसची हिस्ट्री शीट असायची. इंजिन कधी उतरवलं, गिअरबॉक्स कुठल्या गाडीचा बसवला, सगळं त्यात. हिस्ट्री शीट नाही ती गाडी अनाथ."

इथे वादातली एक गाठ सुटली, असं सांगायला हवं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची, फिवाची, ट्युरिन सनद म्हणून एक मार्गदर्शक सनद आहे. गाडी रस्त्यावर चालणं हा तिच्या जतनाचाच भाग आहे असं ती मानते, आणि त्याच दमात बदललेला प्रत्येक भाग नोंदवा, नव्या भागावर ओळखू येईल अशी खूण करा, असंही बजावते. काकांनी ही सनद वाचलेली नव्हती. तिचा अर्धा भाग मात्र ते बत्तीस वर्षं निळ्या शाईने भरत आले होते.

ड्यूझनबर्गपाशी ते फार वेळ रेंगाळले, आणि त्याचं कारण तिचा डॅशबोर्ड. तिथे नेहमीचे काटे तर होतेच, शिवाय चार छोटे दिवे होते. पुतणीने काय काय ते वाचून सांगितलं. इंजिनातून फिरणाऱ्या दातेरी चाकांची एक पेटी आहे, ती गाडी किती चालली ते मोजते. साधारण ७०० मैल, म्हणजे अकराशे किलोमीटरच्या वर झाले की तेल बदलायचा दिवा लागतो. १,४०० मैल झाले की बॅटरीतलं पाणी बघायचा. शिवाय दर पाऊणशे-ऐंशी मैलांनी एक पंप आपोआप चॅसीच्या सांध्यासांध्यांत वंगण सोडतो, आणि त्याचं वंगण संपत आलं की तेही दिव्यावर कळतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "१९२८ साली?"

"हो."

"पोरी, मी उन्हाळ्यात, पत्रा तापलेला असताना, गाडीखाली पाठीवर पडून एकेका निपलला ग्रीस गन लावलीय. एक निपल राहिला की किंगपिन गेलीच. आणि इथे ते आपलं आपण होत होतं?" थोडं थांबून ते म्हणाले, "ज्याने ही पेटी बनवली त्याने कधीतरी स्वतः ग्रीसिंग केलेलं असणार."

फ्रेड ड्यूझनबर्ग आणि ऑगस्ट ड्यूझनबर्ग हे भाऊ जर्मनीत जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले. मोटारीच्या शर्यतींवर त्यांचा जीव होता. १९२१ मध्ये फ्रान्समधल्या ले मान्स इथे झालेली ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये जिंकली. धंद्याचं गणित मात्र त्यांना जमलं नाही. १९२६ मध्ये ऑबर्न कंपनीचा मालक इ. एल. कॉर्ड याने त्यांची कंपनी विकत घेतली, आणि फ्रेडला सांगितलं की जगात नसेल अशी गाडी बनव. तीच ही मॉडेल जे. १९३२ मध्ये फ्रेडचा मोटार अपघातातल्या जखमांनी अंत झाला. त्याच साली त्याच इंजिनाला सुपरचार्जर जोडून ३२० अश्वशक्तीची एसजे आली.

"आणि काका, त्यातली एक एसजे आपल्याकडच्या माणसाची होती," पुतणी म्हणाली. तिने फोनवर फोटो काढून दाखवला. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, रंग नारिंगी आणि काळा. इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३० च्या दशकाच्या मध्यात तयार झालेली. चॅसी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची.

"होळकरांची? आपल्या होळकरांची?"

नीरेकाठच्या होळ गावावरून ज्या घराण्याचं नाव पडलं, त्या घराण्यातला हा तरुण राजा. त्याने इंदुरात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा अत्याधुनिक महाल बांधून घेतला आणि शिल्पकार ब्रांकुशीची शिल्पं विकत घेतली. त्याच नजरेने त्याने ही गाडी मागवली. काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला. होळपासून ऑबर्नच्या या दालनापर्यंत अशी एक रेघ निघते हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुतणी मात्र तिथे थांबली नाही. तिच्या मनात जे सलत होतं ते बाहेर आलं. "पण बघा ना काका, साल कुठलं आहे. अमेरिकेत मंदी. लोक भाकरीसाठी रांगा लावतायत. साधी फोर्ड पाचेकशे डॉलरला मिळते आणि इथे नुसत्या चॅसीला साडेआठ हजार. आज तीच तऱ्हा. २०१८ मध्ये नट गॅरी कूपरची ड्यूझनबर्ग लिलावात दोन कोटी वीस लाख डॉलरला गेली. आपण नक्की काय बघायला आलोय? राजांची आणि नटांची हौस? त्या हौसेला टाळ्या वाजवायला?"

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. काकांनीही टाळला नाही. त्यांनी उघड्या बॉनेटच्या आत बोट दाखवलं, स्पर्श न करता. "पैसे राजाने दिले असतील. हा मॅनिफोल्ड राजाने घासलेला नाही. टाळी कुणाला द्यायची ते आपल्या हातात आहे."

"त्या घासणाऱ्याचं नाव कुठे आहे इथे?"

"नाही. दापोडीत बॉडी बांधणाऱ्याचं नाव तरी बसवर कुठे असतं?"

या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर नव्हतं. पण गावाकडे थोडंसं आहे, आणि ते शोधायला ऑबर्नच्या पडत्या काळात जावं लागतं.

कंपनीची मुळं गाडीवानांच्या काळातली. चार्ल्स एकहार्टने १८७४ मध्ये या भागात घोड्यांच्या बग्ग्या बनवायला घेतल्या. त्याच्या मुलांनी नव्या शतकाच्या तोंडावर मोटारींना हात घातला. १९२४ पर्यंत धंदा बसला होता. आवारात सुमारे ७०० गाड्या गिऱ्हाइकाविना उभ्या होत्या. तेव्हा कॉर्ड आला. वय तिशीच्या आतबाहेर. त्याने त्या पडून राहिलेल्या गाड्यांना भडक, दोनरंगी रंग मारले, निकेलचा चकाकता मुलामा दिला आणि त्या विकून दाखवल्या. पुतणीला हे पटेना, नुसता रंगाचा खेळ म्हणाली. काकांना फार पटलं. "दिवाळीच्या आधी आम्ही जुन्या बस रंगवायचो. माणूस खिडकीत बसताना पत्र्याकडे बघतोच."

मग ऐन मंदीत, १९३१ मध्ये, ऑबर्नने आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी विक्री केली. १९३५ मध्ये नावेच्या निमुळत्या शेपटीची ८५१ स्पीडस्टर आली. तिच्या डॅशबोर्डवर एक छोटी पट्टी असायची, ही गाडी ताशी १०० मैलांच्या वर चालवून पाहिली आहे असं सांगणारी, शर्यतवीर अ‍ॅब जेंकिन्सच्या सहीची. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला कॉर्ड ८१० उभी राहिली. गॉर्डन ब्यूरिग या तरुणाने ती याच ऑबर्नच्या इमारतीत घडवली होती. पुढच्या चाकांना ताकद, बाजूला पायरी नाही, समोर नेहमीची जाळी नाही, दिवे मडगार्डच्या आत लपवलेले. प्रदर्शनात लोक शेजारच्या गाड्यांच्या बंपरवर चढून ती बघत होते.

"मग दिवाळं का निघालं?" काकांनी विचारलं.

"गिअरबॉक्स."

काका नुसते हुंकारले. हा शब्द त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रदर्शनाच्या नियमापोटी शंभर गाड्या घाईने हातांनी बांधल्या गेल्या, पण त्यांच्यात गिअरबॉक्स नव्हते. तो विजेवर चालणारा होता आणि अजून सिद्ध झाला नव्हता. लोकांनी भराभर नोंदणी केली. नाताळाला गाडी हातात पडेल असा शब्द होता, तो पाळता आला नाही. कंपनीने गिऱ्हाइकांना गाडीऐवजी तिची ब्राँझची छोटी प्रतिकृती पाठवली. पुढच्या वर्षी गाड्या मिळाल्या त्याही गिअरमधून निसटायच्या, तापायच्या. दोन वर्षांत तीनेक हजार गाड्या बनल्या आणि १९३७ मध्ये सगळं बंद झालं. आणखी एक गोष्ट गावकरी लपवत नाहीत. ८१० चं चित्र ऑबर्नमध्ये निघालं, पण गाडी बनली त्याच राज्यातल्या कॉनर्सव्हिलला. ड्यूझनबर्ग तर इंडियानापोलिसची.

"म्हणजे गाडी इथे बनली नाही, धंदाही बुडाला, आणि तरी हे गाव मिरवणूक काढतं?" काकांना हे खरोखर उमगत नव्हतं. "बुडालेल्या गिरणीची कोण वरात काढतं?"

आता पुतणीची पाळी होती, आणि दिवसभरातलं तिचं सर्वांत चांगलं बोलणं तिने इथे केलं. १९३७ नंतर या इमारतीचं काय झालं, ते. डेट्रॉइटचा डॅलस विन्स्लो नावाचा व्यापारी बंद पडलेल्या कंपन्यांचा उरलेला माल घ्यायचा. त्याने इथलं सगळं घेतलं. सुटे भाग, नकाशे, इमारतसुद्धा. नवी गाडी बनवायची नाही, पण रस्त्यावर असलेल्या ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूझनबर्ग गाड्यांना भाग पुरवायचे आणि त्या दुरुस्त करून द्यायच्या. दोन दशकांहून जास्त काळ हे चाललं. जिच्या पुढच्या दालनात राजे-नट गाडी निवडायला यायचे, त्या इमारतीत आता फडताळांवर बेअरिंग, गॅस्केट आणि गिअर रचलेले होते. १९६० मध्ये ग्लेन प्रे नावाच्या माणसाने तो साठा विकत घेऊन ओक्लाहोमात नेला. तिथूनही भाग मिळतच राहिले.

"म्हणून या गाड्या आज आहेत," ती म्हणाली. "कंपनी मेल्यावर त्यांना भाग मिळत राहिले म्हणून."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्टोअर."

आगारातलं स्टोअर म्हणजे काय ते आगारात काम केलेल्यालाच कळतं. जाळीची खिडकी, आत कप्प्यांवर खडूने लिहिलेले नंबर, आणि कुठला किट कुठल्या गाडीला चालतो हे तोंडपाठ असलेला स्टोअरकीपर. तो रजेवर गेला की निम्मं आगार अडायचं. काकांनी त्या दिवशी एवढ्या गाड्या पाहिल्या, पण त्यांना सर्वांत जवळचं वाटलं ते हे न दिसलेलं फडताळ. आणि खरोखर, या मेळ्याचा कणा तोच आहे. ब्यूरिगची रेषा थोर आहेच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये आठ मोटारी कलाकृती म्हणून मांडल्या, तेव्हा त्यांत एक कॉर्ड होती. पण ती रेषा रस्त्यावर टिकली ती भाग सांभाळणाऱ्यांमुळे, तो नेमका भाग मागणाऱ्या मेकॅनिकमुळे आणि आपल्या गाडीला दुसरं काही लावायचं नाही असा हट्ट धरणाऱ्या मालकांमुळे. १९५२ मध्ये अशा मालकांनी मंडळ काढलं. चार वर्षांनी ते गाड्या चालवत इथे आले. गावकऱ्यांनी हीच इमारत हाती घेतली आणि १९७४ मध्ये तिचं संग्रहालय झालं.

दुपारी मिरवणूक संपून गाड्या चौकात लागल्यावर काकांनी स्वतःहून विषय काढला. "मी ज्या बसवर हात फिरवला त्यातली एकही आज नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पंधरा वर्षं झालेली सरकारी वाहनं मोडीत काढायची, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे आहे. धुराचा विचार केला तर तो रास्त आहे. खासगी जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम झाले. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' या अक्षरांची खास पाटी मिळते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे हौशी माणसाच्या गाडीला वाट आहे. "पण बसला कोण हौशी मिळणार?" काका म्हणाले. "पुणे-नगर पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला. तारीख सगळ्यांना पाठ आहे. तिचा गिअर कसा पडायचा ते सांगणारा कोण आहे?"

"तुमच्या वेळच्या बसचं तुम्ही सांगा की. मी रेकॉर्ड करते."

"रेकॉर्ड करून गिअर पडत नाही. हाताला कळावं लागतं."

पुन्हा तोच वाद. पण आता तो दोघांनाही दुसऱ्या बाजूने दिसू लागला होता. पुतणी ज्याला पुरावा म्हणत होती तो केवळ पत्र्यात नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाच्या मनगटातही होता आणि तो कुठल्याही काचेच्या कपाटात मावणारा नव्हता. काकांनाही कुठेतरी लागलं होतं की त्यांच्या मनगटातलं काहीच कुणी लिहून घेतलेलं नाही.

चौकाच्या कडेला झाडाखाली एक कॉर्ड ८१० उभी होती. फिकट पिवळी, मडगार्डवर रंगाला बारीक तडे गेलेली. मालकीण सत्तरीच्या पुढची, घडीच्या खुर्चीवर बसलेली. पुतणी त्या तड्यांकडे खाली वाकून बघत होती, हात पाठीमागे बांधून, सकाळपासूनच्या सवयीने. काका गाडीला चारी बाजूंनी फेरी मारून आले.

"हिला चॅसी कुठाय?"

"नाही. हिची बॉडी आणि सांगाडा एकच आहे. पुढे फक्त इंजिन धरणारी एक छोटी चौकट आहे."

"म्हणजे बॉडी उतरवून दुसरी नाही चढवता येणार."

"नाही ना. म्हणून तर म्हणते."

काकांनी मान हलवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी एक मुद्दा बिनशर्त देऊन टाकला.

मालकिणीने त्यांचं बघणं बघितलं होतं. तिने विचारलं, दिवे वर करून बघायचेत का? कॉर्डचे पुढचे दिवे मडगार्डात बुडालेले असतात. स्टिन्सन विमानांच्या उतरण्याच्या दिव्यांवरून ते बेतले होते. मोटर नाही, बटण नाही. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन मुठी आहेत. डावी मूठ फिरवली की डावा दिवा वर येतो, उजवी फिरवली की उजवा. एकटा ड्रायव्हर असेल तर त्याला एक फिरवून झाल्यावर पार पलीकडे झुकावं लागतं.

काका सवयीने उजव्या बाजूला गेले, दार उघडून बसले, आणि समोर बघतात तर स्टिअरिंग नाही. ते पलीकडे होतं. "बस तिकडे," ते पुतणीला म्हणाले.

"मी नको, काका. जुनं आहे. हाताचा घाम लागतो, कातडं..."

मालकिणीने तिच्यासाठी दार आधीच उघडून धरलं होतं.

ती बसली. मुठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. काकांनी आपली मूठ धरली, अर्धा वेढा दिला, थांबले, कान दिला. "कोरडी आहे जराशी. जोर नको करू. अडली तर परत मागे घे, मग पुढे. गिअर पाडताना करतो तसं."

"मी कुठे गिअर पाडलाय कधी! माझी ऑटोमॅटिक आहे."

"मग आज शीक."

तिने फिरवायला घेतली. उजवा दिवा आधी वर आला, एका दमात. डावा थोडा आला, अडला, किंचित मागे गेला आणि पुन्हा वर सरकू लागला. फुटपाथवरची दोन लहान मुलं गाडीच्या नाकासमोर येऊन उभी राहिली होती. काचेतून काकांनी त्यांना हाताने बाजूला व्हायची खूण केली आणि पुतणीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "हां. येतोय. येऊ दे."